मेंटेनर : देखभालकर्ता की कारभारी?

प्रश्न : एका मुक्तस्रोत प्रोग्रामिंग भाषेची माहितीपुस्तिका मराठीत करतो आहे. ‘मेंटेनर’ला, म्हणजे असा प्रकल्प सांभाळणाऱ्याला, ‘देखभालकर्ता’ लिहिलं, पण लिफ्टचं तेलपाणी बघणारा डोळ्यांसमोर येतो. दुसरा शब्द?

– ‘देखभालकर्ता’त काम आलं, अधिकार नाही आला. बग, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका, काढणं हा त्यातला सोपा भाग. लोकांनी हौसेने पाठवलेले बदल तपासायचे आणि पुष्कळदा ‘नको’ म्हणायचं, तिथे खरा कस लागतो. कारण एकदा भाषेत घेतलेली गोष्ट काढली की इतरांचा कोड मोडतो. पायथन या भाषेचंच बघा : जुना कोड जसाच्या तसा न चालणारी नवी आवृत्ती, पायथन 3, आली 2008 मध्ये; जुन्या पायथन 2 ची देखभाल थांबली 1 जानेवारी 2020 ला. तोवर मेंटेनर दोन्ही सांभाळत बसले बिचारे! मी ‘कारभारी’ म्हणेन : मालकी नाही, पण निर्णय त्याचा.

– ‘कारभारी’ म्हटलं की नवऱ्याला मारलेली हाक ऐकू येते. शिवाय कारभाऱ्याला कुणीतरी नेमतं. इथे नेमणार कोण?

– नेमतात की. पायथनचे जनक गुइडो व्हॅन रॉसम हे तिचे ‘परोपकारी तहहयात हुकूमशहा’ होते, बिरुद अर्थात थट्टेचं. ‘:=’ हे चिन्ह भाषेत घेण्याच्या प्रस्तावावरून खूप वाद झाला आणि जुलै 2018 मध्ये ते बाजूला झाले, वारस न नेमता. मग कोअर डेव्हलपरांनी, म्हणजे भाषा घडवणाऱ्या मुख्य मंडळींनी, कारभाराचे वेगवेगळे आराखडे मांडून मतदान घेतलं. आता पाच जणांची निवडून दिलेली सुकाणू समिती असते. एकाच कंपनीतले दोनपेक्षा जास्त सदस्य तिच्यात चालत नाहीत. म्हणजे बारभाई कारभार नव्हे, नियम लिहून ठेवलेले आहेत.

– समितीला ‘सुकाणू समिती’ उत्तम. पण एखादं मॉड्यूल, म्हणजे कोडचा एखादा सुटा भाग, एकट्याने, नोकरी सांभाळून, रात्री बघणाऱ्याला कोण निवडून देतं? तो कारभारी कसला! आणि ‘विश्वस्त’ त्याच्यासाठी वापरू नका, तो फाउंडेशनच्या मंडळींकडे राहू द्या. पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन देणग्या, ट्रेडमार्क, परिषदा बघतं. भाषेत काय यावं ते ठरवत नाही.

प्रश्नकर्ता : ‘सुकाणू समिती’ आणि ‘विश्वस्त’ घेतले. ‘मेंटेनर’ तसाच ठेवतो, क्रियापद मात्र ‘सांभाळणे’ : ‘हे मॉड्यूल सध्या कोणी सांभाळत नाही.’

– चालेल. फक्त अनेकवचनी ‘मेंटेनर्स’ लिहू नका. ‘दोन मेंटेनर’, ‘मेंटेनरांनी’ पुरे.