६९ची कॅमारो, नुसता सांगाडा: घ्यावी की सोडावी?

सांगलीकर_ओहायो

नमस्कार मंडळी. सिनसिनाटीत राहतो. गाड्यांतलं माझं ज्ञान वडिलांच्या बजाज सुपरचा प्लग घासण्यापासून सुरू होतं आणि इथल्या होंडाचे ब्रेक पॅड बदलण्यापाशी संपतं. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे उत्तरं त्या बेताने द्याल.

घरापासून पाऊण तासावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कोठारात १९६९ची शेवरोले कॅमारो आहे. आहे म्हणजे, जे काय उरलंय ते. इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही, सीटा नाहीत, पुढची काच नाही. मीटरच्या जागी वायरींची गुंतवळ. पुढची दोन्ही मडगार्डं काढून भिंतीला टेकवलेली, त्यांवर कोंबड्यांनी आपापलं रंगकाम केलेलं. मागचा ॲक्सल आहे, चार चाकं आहेत, पैकी दोन फिरतात. ड्रायव्हरच्या पायाखाली जमीन दिसते. लेकाने खाली आडवं होऊन त्या भोकातून हात वर काढला आणि मला टाटा केला. डिकीच्या तळाचीही तीच कथा.

आजोबा ८,५०० डॉलर मागतात. "ही एसएस होती" (सुपर स्पोर्ट, कॅमारोचं जोरकस मॉडेल) हे त्यांनी तीनदा सांगितलं.

आता मोह का, तर ही गाडी जिथे बनली तो नॉरवुडचा कारखाना माझ्या ऑफिसच्या वाटेवर होता. १९८७ साली बंद पडला, त्यामुळे मी काही पाहिलेला नाही. पण रोज तिथून जाताना वाटतं, इथून बाहेर पडलेली एक गाडी परत पन्नास किलोमीटरच्या आत उभी आहे आणि ती आपण घेऊ नये? लेक पंधराचा आहे, पुढच्या वर्षी लायसन्स. दोघांनी मिळून करायची असं त्याचं म्हणणं. (फोन बाजूला ठेवून तो माझ्याशी सलग वीस मिनिटं बोलला ते याच विषयावर.)

बजेट २५ हजार डॉलर, गाडीची किंमत धरून. वेळ दोन हिवाळे. जागा अर्धं गॅरेज. बायकोची अट एकच, तिची गाडी बर्फात उभी राहणार नाही.

गंज किती म्हणजे फार, हे ठरवायचं कसं?

पत्रेमामा

डेट्रॉइटजवळ राहतो, बावीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली. स्वतःची ६८ची कॅमारो सहा वर्षांत उभी केली. दोन हिवाळ्यांत करणार होतो मीही.

सांगलीकर, आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. दिसणारी भोकं ही वाईट बातमी नाही. फ्लोअरचा पत्रा नवा मिळतो, डिकीचा तळ मिळतो, मागचे क्वार्टर पॅनेल, म्हणजे मागच्या चाकांवरचे पत्रे, मिळतात. ६९च्या कॅमारोची तर अख्खी बॉडी आज नवी बनवून मिळते. न दिसणारी भोकं बघा.

पुढच्या काचेखाली बॉनेटला लागून हवेची जाळी असते. त्याच्या आत बंद पोकळी आहे, तिला काऊल म्हणतात. पन्नास वर्षं तिथे पानं पडतात, कुजतात, ओली राहतात. एक बादली पाणी न्या आणि जाळीतून सावकाश ओता. मडगार्डं काढलेलीच आहेत, तुमचं काम सोपं. पाणी दोन्ही बाजूंनी, दाराच्या पुढे, बाहेर पडलं पाहिजे. आत पायापाशी आलं तर काऊल गेला. तिथे पोचायला वेल्डिंगचे टाके तोडून वरचा पत्रा काढावा लागतो, आणि ते तुमच्या-माझ्या हातचं काम नाही.

मग काचांच्या खाचा. मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात गंज असला तर पाणी थेट डिकीत उतरतं, म्हणून डिकीचा तळ सडतो. तळ बदलला आणि खाच तशीच ठेवली तर पाच वर्षांनी पुन्हा तेच. तिसरं, कॅमारोला अर्धीच चासी असते. पुढचा सबफ्रेम बोल्टांनी बॉडीला टांगलेला. ते बोल्ट जिथे बसतात, फायरवॉलपाशी (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्रा) आणि पुढच्या सीटखाली, तिथे पेचकस दाबून बघा. आत गेला तर पुढचं न बघता घरी या. आणि मागच्या पाट्यांचं (लीफ स्प्रिंगचं) पुढचं टोक बसतं ती जागाही.

आता एसएस. डॅशबोर्डवरच्या, काचेतून दिसणाऱ्या चासी नंबरच्या पट्टीचे पहिले पाच आकडे १२४३७ असतील तर गाडी जन्मतः व्ही-८, १२३३७ असतील तर सहा सिलिंडरची. त्यापुढचा ९ म्हणजे साल आणि एन म्हणजे नॉरवुड. पण एसएस होती की नाही हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी फायरवॉलवर ड्रायव्हरच्या बाजूला रिव्हेट मारलेली छोटी पट्टी बघा. ६९च्या मॉडेलमध्ये नॉरवुडवाले पुढे पुढे तिच्यावर एक्स आणि दोन आकडे ठोकत. एक्स-४४ असेल तर ती सगळ्यांत साधी कॅमारो, एसएस नाही. हीटरचा डबा काढलेला असेल तर त्याच्या मागे फायरवॉलवर नंबराचे शेवटचे आकडे ठोकलेले सापडतील. ते वरच्या पट्टीशी आणि टायटलशी (मालकीच्या कागदाशी) जुळवा. आणि नवी बॉडी आणून जुनी नंबरपट्टी तिच्यावर बसवा असं कोणी सुचवलं तर तिथून निघा, पोलिसांच्या लफड्यात पडाल.

न्यूजर्सीची_माई

पत्रेमामांचं सगळं बरोबर असेल. मी दुसऱ्या बाजूने बोलते. आमच्या ह्यांनी ७०ची फायरबर्ड आणली तेव्हा धाकटी तिसरीत होती. आता ती कॉलेजात आहे. गाडी गॅरेजमध्येच आहे, स्टँडवर, चादर पांघरून. चादर मात्र तीनदा बदलली.

गंजाचं काम त्यांनी पहिल्या दीड वर्षात संपवलं, हे मान्य करते. अडलं ते बारक्या वस्तूंवर. आमची गाडीही कोणीतरी आधीच खोललेली होती. स्वतः खोललेली गाडी जोडता येते, कारण कुठला बोल्ट कुठून निघाला हे आपल्याला आठवतं, फोटो असतात. दुसऱ्याने खोललेली म्हणजे चित्र नसलेलं जिगसॉ, त्यातही निम्मे तुकडे गायब. वायपरची मोटार, तिचा ब्रॅकेट, ब्रॅकेटचे स्क्रू. दाराच्या काचेचं मशीन. ॲशट्रेची कमान! एकेक वस्तू चाळीस डॉलर, साठ डॉलर, नव्वद डॉलर. एका रविवारी मी कागद घेऊन बेरीज केली आणि ह्यांना दाखवली नाही, कारण तेव्हा त्यांचं बीपी नुकतंच ताळ्यावर आलं होतं.

मुलगा पंधराचा आहे म्हणता. तीन वर्षांनी तो घरात नसेल. भाऊ, त्याला चालती गाडी द्या, मोडकी चालेल पण चालती.

कोंटेसावाला

कोल्हापुरातून. आमचं दुखणं नेमकं उलटं म्हणून लिहितो. माझ्याकडे इसुझु इंजिनची कोंटेसा आहे. उद्यमनगरात असा डेंटर आहे की नुसता फोटो दाखवला तर सपाट पत्र्यातून मडगार्ड ठोकून देईल, आणि मजुरी ऐकलीत तर तुम्ही तिकीट काढून याल. पण दाराचं रबर बीडिंग? टेललॅम्प? कारखान्याने २००२ साली गाडी बंद केली, संपलं. मी एका टेललॅम्पसाठी पार बेळगावापर्यंत जाऊन आलोय.

तुमच्याकडे वस्तू कॅटलॉगमध्ये आणि हात महाग. म्हणजे प्रश्न गंजाचा नाहीच, वेल्डिंग कोण करणार याचा आहे. तुम्ही करणार का? शिकायची तयारी आहे का?

अजून एक. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक सगळ्या गाडीवरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली.

सांगलीकर_ओहायो

शनिवारी जाऊन आलो. बादली, चुंबक, पेचकस, टॉर्च. आजोबांना वाटलं मी गाडी धुवायला आलोय.

लेक आत बसला, म्हणजे जिथे सीट असायला हवी तिथे उकिडवा, टॉर्च घेऊन. मी ओतायला लागलो. डाव्या-उजव्या दोन्हीकडून चहाच्या रंगाचं पाणी आणि कुजलेली पानं बाहेर आली. मला वाटलं, जिंकलो. अर्धी बादली झाली तसा डावीकडचा ओघ बारीक झाला. उजवीकडे धार चालू, डावीकडे नुसते थेंब. मी विचारलं, काय दिसतंय? तो काही बोलेना. मग म्हणाला, "बाबा, माझ्या बुटात." क्लचच्या पेडलच्या वरून, शिवणीतून, पाणी एका सरळ रेषेत उतरत होतं. मी ओतायचं थांबलो तरी ते बराच वेळ येत राहिलं.

सबफ्रेमच्या जागा मात्र ठणठणीत, पेचकस कुठेच गेला नाही. मागच्या उजव्या चाकावरच्या पत्र्यावरून चुंबक खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. तळहाताएवढी जागा नव्हे, हातभर.

फायरवॉलची पट्टी जागेवर होती. डॅशबोर्डवरचा नंबर १२४३७ने सुरू, म्हणजे व्ही-८. फायरवॉलच्या पट्टीवर रंगाचा आकडा ५७, लेकाने फोनवर शोधलं, फॅदम ग्रीन. आणि एक्स-४४. आजोबांना दाखवलं तर म्हणाले, मग माझ्या भावाने मला खोटं सांगितलं असणार. इथे खरी गोम निघाली. टायटल अजून त्या भावाच्याच नावावर आहे, आणि भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. ओहायोत विकणाऱ्याची सही नोटरीसमोर लागते. ती आता कोण करणार? आधी कोर्टातून ते आजोबांच्या नावावर व्हायला हवं. आजोबा किंमत ४,००० वर आणून म्हणाले, "कागदांचं तू बघ."

खरं सांगतो, चार हजार ऐकून मी पाकिटाकडे हात नेला होता. लेकाने ओला बूट काढून झटकला आणि म्हणाला, निघू या.

कोंटेसावाले, वेल्डिंग शिकायची तयारी आहे. इथल्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचा वर्ग आहे, दोघांची नावं घातली. पण पहिला टाका काऊलवर मारायचा नाही एवढं कळलं. माई, तुमचा निरोप बायकोला वाचून दाखवला. तिने तुमचा पत्ता मागितलाय.

पत्रेमामा

शहाणं पोरगं आहे. कॅमारोच हवी हा हट्ट नसेल तर १९६८ ते ७४ची शेवरोलेचीच नोवा बघा. पुढचा सबफ्रेम कॅमारोच्याच जातीचा, इंजिनं त्याच घरातली, किंमत कमी. आणि ओहायो-मिशिगनची घेऊ नका, आपल्या रस्त्यावरचं मीठ सगळं खातं. दक्षिणेला उतरा.

सांगलीकर_ओहायो

नॉक्सव्हिलच्या बाजूला एक ७२ची नोवा आहे. दोन दारी, सहा सिलिंडर, स्वतःच्या पायाने चालते, टायटल विकणाऱ्याच्याच नावावर. रंग इतका भयाण की फोटोतही डोळ्यांना लागतो. चार तासांचा रस्ता आहे, येत्या शनिवारी निघतोय. पुन्हा बादली नेऊ ना?

पत्रेमामा

न्या. नोवालाही काऊल आहेच. फक्त या वेळी विकणाऱ्याला विचारून ओता, आणि चुंबकाला फडकं गुंडाळायला विसरू नका. चालत्या गाडीच्या रंगावर ओरखडा काढलात तर ती तुमचीच.