मदत हवी आहे: काल्पनिक देशाच्या पायदळाच्या हाती कोणत्या बंदुका द्याव्यात? (दुसरे महायुद्ध)

नमस्कार मंडळी,

दुसऱ्या महायुद्धावर एक दीर्घकथा लिहायला घेतली आहे. देश काल्पनिक, नाव तार्वेनिया. युद्ध मात्र खरं. जर्मनी, रशिया, ब्रिटन सगळे जिथल्या तिथे, त्यांच्या मध्ये मी हा देश घुसवलाय. माणसं बऱ्यापैकी उभी राहिली, पण त्यांच्या हातातल्या बंदुकांपाशी गाडी अडली. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

आधी देशाची कुंडली. ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य १९१८ मध्ये मोडलं, त्यातून सुटलेला हा तुकडा. डोंगराळ, समुद्रकिनारा नाही, लोकसंख्या ५० लाखांच्या आत. लोखंडाच्या खाणी आहेत. रायफलींचा एक सरकारी कारखाना, काडतुसांचा एक, आणि सायकली व शिलाई यंत्रं बनवणारा एक खाजगी. मोटारीसुद्धा बाहेरून येतात, तिथे रणगाडे कुठले? १९४१ च्या वसंतात जर्मन फौजा घुसतात, सैन्य कोसळतं आणि उरलेले लोक डोंगरात जाऊन १९४४ पर्यंत लढतात. नायक एका सेक्शनचा हवालदार आहे, म्हणून तोफा-विमानांत मला फारसा रस नाही. दहा माणसांच्या खांद्यावर काय असेल, एवढंच हवंय.

आतापर्यंतची जुळवाजुळव अशी:

साम्राज्याकडून वारशाने आलेली रायफल म्हणजे १८९५ ची मॅनलिखर. बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा खिट्टीसारखा दांडा) सरळ मागे ओढायचा, सरळ पुढे ढकलायचा, फिरवायचा नाही. हात बसलेला माणूस झपाट्याने गोळ्या झाडतो. पाच काडतुसं पत्र्याच्या क्लिपसकट आत जातात आणि शेवटचं काडतूस नळीत सरकलं की रिकामी क्लिप मॅगझिनच्या तळाच्या भोकातून खाली पडते. हे भोक मला कथेसाठी फार आवडलंय. चिखलात पालथ्या पडलेल्या शिपायाच्या बंदुकीत घाण शिरते ती तिथूनच, आणि क्लिपा हरवल्या तर पाच गोळ्यांची रायफल एका गोळीची होऊन बसते.

पण १९४१ मध्ये अख्खी फौज हिच्यावरच ठेवली तर देश अगदीच भिकेला लागलेला वाटेल. म्हणून १९२० च्या दशकाच्या अखेरीस ७.९२ मिमीची माउझर पद्धतीची रायफल परदेशी परवान्यावर देशातच बनू लागली, असं धरलंय. यूगोस्लाव्हियाने क्रागुयेवात्सच्या कारखान्यात बेल्जियमच्या परवान्यावर हेच केलं होतं. लाइट मशीनगन चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोची झेडबी २६, जिच्यातून पुढे ब्रिटिशांची ब्रेनगन निघाली. मॅगझिन वरून बसतं, त्यामुळे नेमाची माशी डावीकडे सरकवलेली. शेजारी आडवा झालेला साथीदार डोकं फारसं वर न काढता मॅगझिन बदलू शकतो. हा साथीदार माझ्या कथेतलं महत्त्वाचं पात्र आहे, त्यामुळे ही बंदूक बदलायला सांगू नका, बाकी काहीही बदला.

उखळी तोफ फ्रान्सच्या ब्रांट पद्धतीची ८१ मिमीची. ती त्या काळी निम्म्या जगाकडे होती, तिथे प्रश्न नाही.

आता अडचणी. जुनी ८ मिमीची मॅनलिखर आणि नवी ७.९२ ची माउझर एकाच सैन्यात चालतील का? मार्च १९३९ मध्ये ब्रनो जर्मनांच्या हाती गेलं, मग झेडबीचे सुटे भाग कुठून येणार? सबमशीनगन (पिस्तुलाच्या गोळ्या झपाट्याने झाडणारी छोटी बंदूक) १९४१ मध्ये किती दाखवाव्यात? आणि एक हौस: तार्वेनियाच्या अभियंत्यांनी स्वतःची अर्धस्वयंचलित (दर गोळीला बोल्ट ओढावा न लागणारी) रायफल बनवली आणि ती प्रत्येक शिपायाला दिली, असं दाखवलं तर वाचक हसतील का?

प्रतिसाद १

विषय आवडला. पण बंदुका नंतर, आधी काडतुसांचा हिशेब मांडा.

८ मिमी आणि ७.९२ कागदावर सख्खी भावंडं वाटतात, पण मॅनलिखरचं काडतूस बुडाला कडा असलेलं, माउझरचं बिनकडेचं. एकाचं दुसऱ्यात जात नाही. आघाडीवरच्या पलटणीला चुकीच्या पेट्या पोचल्या की लढाई संपली. जपानकडे बघा: पायदळात ६.५ आणि ७.७ दोन्ही, त्यात नौदलाच्या लुईस पद्धतीच्या मशीनगनला तिसरंच काडतूस. इटलीने १९३८ मध्ये ७.३५ मिमीकडे जायला सुरुवात केली आणि युद्ध दारात आल्यावर पुन्हा ६.५ वर परत आली. नव्या रायफलींपैकी बऱ्याच मग फिनलंडला गेल्या.

तेव्हा दोन्ही ठेवा, पण मिसळू नका. नियमित डिव्हिजनना माउझर. पूल, बोगदे, कोठारं राखणाऱ्या वयस्कर राखीव सैनिकांना मॅनलिखर. पहिल्या महायुद्धातल्या श्वार्त्सलोझ मशीनगनही ८ मिमीच्याच, त्या याच लोकांकडे द्या. यूगोस्लाव्हियाने काही मॅनलिखर ७.९२ साठी बदलून घेतल्या होत्या, तुमचा कारखानाही त्या खटपटीत अर्ध्यावर असताना युद्ध येऊ दे.

एक सापळा सांगतो. शेजारच्या हंगेरीकडेही १८९५ चीच रायफल होती, पण त्यांनी १९३० च्या दशकात ती ८×५६ या लांब काडतुसासाठी बदलून घेतली. तुमच्या राखीव शिपायाने हंगेरियन पेटी लुटली, बंदूक ओळखीची दिसली, पण गोळी काही बसेना. घ्या, एक प्रकरण तयार!

उलट ७.९२ वाल्यांची डोंगरात चैन आहे. जर्मनांची रायफल आणि मशीनगन एमजी ३४ दोन्ही तेच काडतूस खातात. फिनलंडने हेच केलं होतं. रशियन काडतूसच वापरत असल्यामुळे १९३९-४० च्या रशियाविरुद्धच्या हिवाळी युद्धात हाती लागलेल्या रशियन लाइट मशीनगन त्यांनी तशाच रशियनांवर फिरवल्या.

झेडबीच्या सुट्या भागांसाठी रुमानियाचा कित्ता गिरवा. त्यांनी नुसती खरेदी न करता झेडबी ३० देशातच बनवायचा परवाना घेतला होता. निदान नळ्या आणि मॅगझिनं तरी घरी बनू द्या.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला +१.

अर्धस्वयंचलित रायफलीबद्दल: हसणार नाहीत, पण विश्वासही ठेवणार नाहीत. सगळ्या पायदळाला ती देण्याचं काम फक्त अमेरिकेला जमलं, तेही गॅरंड ही रायफल १९३६ मध्ये स्वीकारल्यावर काही वर्षांनी. रशियाने एसव्हीटी-४० नावाच्या तशा रायफली लाखांनी काढल्या आणि जर्मन घुसल्यावर पुन्हा जुन्या बोल्टच्या मोसिन रायफलीकडे वळला, कारण ती स्वस्त आणि झटपट होणारी. तुमच्याकडे एकच रायफल कारखाना आहे. चाचणीसाठी बनवलेल्या थोड्या रायफली दाखवा, त्यातली एखादी नायकाच्या मित्राकडे येऊ द्या, एवढं पुरे.

सबमशीनगनच्या बाबतीत सिनेमाने आपली फार दिशाभूल केली आहे. प्रत्येक जर्मन एमपी ४० घेऊन फिरत नव्हता. ती साधारण दहा-अकरा लाख बनली, तर त्यांची बोल्टची रायफल एक कोटीहून जास्त. १९४१ मध्ये तुमच्या सेक्शनमध्ये फार तर हवालदाराकडे एक, तीही नशिबाने. फिनलंडची सुओमी उत्तम होती, पण पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढायची म्हणजे महाग, त्यामुळे १९३९ मध्ये त्यांच्याकडेही ४ हजारांच्या आसपासच होत्या.

पण तुमचा सायकलींचा कारखाना वाया घालवू नका! नळी, पत्रा, वेल्डिंग, स्प्रिंग हे सगळं त्याला येतं. ब्रिटनमध्ये स्टेनगन या स्वस्त सबमशीनगनचा एक प्रकार लाइन्स ब्रदर्स या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने काढला. जर्मनांच्या नाकाखाली सायकल दुरुस्तीच्या नावाने रात्री सबमशीनगनचे भाग बनतात, नळी मात्र रायफल कारखान्यातून चोरून येते, कारण आत आटे पाडायचं यंत्र फक्त तिथेच आहे. विमानातून टाकलेली स्टेन हा नमुना म्हणून चालेल. स्टेनची एक खोड लक्षात ठेवा: बोल्ट पुढे असताना भरलेली बंदूक बुडावर आपटली तर बोल्ट मागे उसळून परततो आणि गोळी सुटते. डोंगर उतरणाऱ्या, पाय घसरणाऱ्या माणसांसाठी ही शत्रूइतकीच धोक्याची.

प्रतिसाद ३

रणगाड्यांविरुद्ध काय आहे? ते धाग्यात दिसलं नाही. पोलंडकडे ७.९२ मिमीचीच, पण भल्या मोठ्या काडतुसाची रणगाडाविरोधी रायफल होती, १९३५ ची. ती इतकी गुप्त ठेवली की बंद पेट्यांमध्ये राहिली आणि बऱ्याच शिपायांना सराव करायलाच मिळाला नाही. तुमच्या लष्करी कारभाराला शोभेल असं वाटतं. १९४१ मध्ये अशा रायफली हलक्या गाड्यांपुरत्याच. बाकी पेट्रोलच्या बाटल्या आहेतच. फिनलंडमध्ये त्या सरकारी मद्यकंपनीच्या कारखान्यात भरल्या जात.

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

धागालेखक

सगळ्यांचे आभार. हंगेरियन पेटीचं प्रकरण चोरतोय, परवानगी गृहीत धरली आहे. अर्धस्वयंचलित रायफल मनावर दगड ठेवून चाचणीपुरती केली. रणगाडाविरोधी रायफल मुद्दाम ठेवली नव्हती, आता पेटीबंद स्वरूपात येईल.

एक राहिलंच. १९४३ मध्ये ब्रिटिश विमानं सामान टाकतात असं दाखवलंय. पण त्यांची रायफल .३०३ इंची काडतुसाची. माझ्या लोकांच्या झेडबीला त्याचा काय उपयोग? ७.९२ च्या गोळ्या ब्रिटनकडे असतील का, की फक्त लुटीवर भागवायचं?

प्रतिसाद १

असतील, आणि ताज्या बनावटीच्या. ब्रिटिश रणगाड्यांवरची बेसा मशीनगन ही मूळची चेकोस्लोव्हाकियाचीच. ती घेताना त्यांनी काडतूस .३०३ ला न बदलता ७.९२ च ठेवलं, त्यामुळे ब्रिटनमध्ये युद्धभर ही काडतुसं बनत होती. फक्त बेसाची काडतुसं पट्ट्यात ओवलेली असतात. पट्ट्यातून एकेक काढून झेडबीच्या २० च्या मॅगझिनमध्ये भरायला तुमच्या त्या साथीदाराला बसवा. मिनिटाला साधारण ५०० च्या वेगाने एक मॅगझिन अडीच सेकंदांत रिकामं होतं, त्यामुळे त्याला रात्रभर काम आहे.