‘हँडहेल्ड’साठीचा ‘फाइल मॅनेजर’ : मराठीत काय म्हणावे?

(मराठी शब्दांविषयीच्या एका चर्चेतील हा मजकूर; प्रत्येक मजकुराच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

तळटीप
एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणाऱ्या माझ्या मित्राने हातात मावणाऱ्या जुन्या संगणकांचे लहानसे प्रदर्शन मांडायचे ठरवले आहे. त्यात सायॉनचा सीरिज ५, दोन पाम आणि एक आयपॅक अशी यंत्रे आहेत. प्रत्येकाशेजारी मराठी माहितीपत्रक असावे असा त्याचा आग्रह आहे. त्याच काळातील एका चार पानी टिपणाचा अनुवाद माझ्याकडे आला आहे. आपल्या हँडहेल्डसाठी फाइल मॅनेजर, म्हणजे फाइली पाहण्याचा, हलवण्याचा आणि पुसण्याचा प्रोग्रॅम, कसा निवडावा, एवढाच त्याचा विषय आहे आणि मी मथळ्यातच अडलो आहे.

‘हँडहेल्ड’ला मी ‘करसंगणक’ लिहिले होते. पत्नीने ते वाचून हे यंत्र आयकर मोजते का असे विचारले. ‘फाइल मॅनेजर’ला ‘संचिका व्यवस्थापक’ लिहिले, तर मित्राला ते सहकारी पतपेढीतील एखादे पद वाटले. पुढे ‘फोल्डर’, ‘मूव्ह’, ‘डिलीट’ हे सगळे रांगेत उभेच आहेत. प्रदर्शनाला येणारी मुले अकरावी-बारावीची असतील, हे लक्षात घेऊन कृपया शब्द सुचवावेत.

शुद्धलेखणी
शब्द नवीन घडवण्याची गरजच नाही, कारण शासनव्यवहारात ‘नस्ती’ हा शब्द कित्येक दशके रुळलेला आहे. फाइलला नस्ती म्हणावे आणि फाइल मॅनेजरला ‘नस्तीव्यवस्थापक’. आपण वापरलेला ‘संचिका’ हा शब्द संचयावरून आला असल्याने त्यात साठ्याचा अर्थ अधिक आहे. काही जण ‘धारिका’ सुचवतील, परंतु धारिका म्हणजे धारण करणारी. जी कागद धारण करते ती फाइल नव्हे, ते फोल्डर झाले. तेव्हा फाइलसाठी नस्ती आणि फोल्डरसाठी धारिका अशी वाटणी केल्यास दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतील. ‘हँडहेल्ड’साठी ‘हस्तसंगणक’ पुरेसा आहे.

रुमालबंद
नस्तीच्या बाजूने एक गोष्ट मीही सांगतो, पुढे तिच्या विरोधात जाणार असलो तरी. इंग्रजी ‘फाईल’ हा शब्द लॅटिनमधील ‘फीलुम’वरून आला, ज्याचा अर्थ धागा. कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवण्याच्या पद्धतीवरून वस्तूलाच ते नाव पडले. संस्कृतात ‘नस्ता’ म्हणजे जनावराच्या नाकाला पाडलेले भोक आणि ‘नस्तित’ म्हणजे वेसण घातलेला. कागदाला भोक पाडून त्यातून दोरा ओवायचा म्हणजे त्याला वेसणच घालायची, म्हणून ‘नस्ती’, असा माझा तर्क आहे. हिंदीतील ‘नत्थी’ याच घरातली दिसते. हा तर्क खरा असेल, तर दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच दोऱ्यावरून दोन शब्द काढले.

परंतु संगणकातील फाईलला दोराही नाही आणि भोकही नाही. मी जुन्या कागदपत्रांत वावरणारा माणूस आहे, त्यामुळे मला दुसरीच व्यवस्था सुचते. पेशवे दप्तरातील कागद कापडी रुमालात बांधलेले असतात, रुमालात पुडकी असतात आणि पुडक्यात कागद. संदर्भ देतानाही आम्ही आधी रुमालाचा क्रमांक लिहितो आणि मग पुडक्याचा. संगणकात फोल्डर, त्यात उपफोल्डर आणि त्यात फाईल अशी जी उतरंड आहे, ती आपल्याकडे कापडात बांधलेली होतीच. ती सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला ‘दप्तरदार’ म्हणत. फाईल मॅनेजरचे काम याहून वेगळे काय आहे? मथळा ‘हातसंगणकासाठी दप्तरदार कसा निवडावा’ असा करा. मुले थांबून वाचतील.

शुद्धलेखणी
मुले थांबून हसतील. ‘दप्तर’ हे त्यांच्या पाठीवर असते आणि ‘रुमाल’ खिशात. शिवाय दोन्ही शब्द फार्सी आहेत. फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश रघुनाथ पंडितांकडून करवून घेणाऱ्या शिवाजी महाराजांचा वारसा सांगायचा आणि फाइल काढून तिच्या जागी रुमाल बसवायचा, यात इंग्रजी गेली आणि फार्सी आली एवढेच होईल. आपण परकीय शब्दाला पर्याय शोधत आहोत की परकीय शब्दांमध्ये आवडनिवड करत आहोत, हे एकदा ठरवावे.

रुमालबंद
राज्यव्यवहारकोश झाल्यानंतरही पेशवाईत फडणीस, चिटणीस आणि पोतनीस राहिलेच, आणि त्या तिघांचा ‘नीस’ हा फार्सी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. कोश थोर खराच, पण कारकुनाच्या तोंडापर्यंत तो सगळा पोहोचला नाही. ‘दप्तर’ शब्दाचे मूळ शोधू गेल्यास ते फार्सीच्याही मागे ग्रीकपर्यंत जाते, जिथे त्या शब्दाचा अर्थ चामडे असा आहे. कातड्यावर लिहीत, त्यावरून वह्या, वह्यांवरून कचेरी आणि कचेरीवरून शाळेची पिशवी. इतका प्रवास करून आमच्या दारात आलेल्या शब्दाला परका कसे म्हणावे?

यंत्रभोगी
शब्दांचे वाटप सुरू होण्यापूर्वी यंत्रांबद्दल काही सांगणे आवश्यक वाटते, कारण ज्या वस्तूसाठी आपण शब्द शोधत आहोत ती वस्तू प्रदर्शनातील दोन यंत्रांत जवळजवळ नाहीच.

मी १९९९ पासून सहा-सात वर्षे पाम वापरला. पामच्या अंतर्गत स्मृतीत फाइल नावाचा प्रकार नव्हता. १९९६ मध्ये आलेल्या पहिल्या पायलट १००० मध्ये एकूण १२८ किलोबाइट स्मृती होती. तेवढ्या जागेत फाइल उघडणे, तिची दुसरी प्रत स्मृतीत घेणे आणि मग बंद करणे ही चैन परवडणारी नव्हती. त्यामुळे सर्व माहिती नोंदींच्या स्वरूपात जागच्या जागी असे. एक पत्ता म्हणजे एक नोंद, एक टिपण म्हणजे एक नोंद, आणि अशा नोंदींचा एक संच. पामच्या भाषेत तो डेटाबेस. प्रत्येक संचाला चार-चार अक्षरांच्या दोन खुणा असत, एक प्रकाराची आणि दुसरी तो निर्माण करणाऱ्या प्रोग्रॅमची. फोल्डरांची उतरंड नाही, रुमाल नाही, पुडके नाही. सगळे संच एकाच पातळीवर. म्हणून पामपुरते बोलायचे तर ‘नोंदवही’ हाच प्रामाणिक शब्द आहे.

मग पामला फाइल मॅनेजर लागे तरी कशाला? पाम ओएस या पामच्या कार्यप्रणालीच्या चौथ्या आवृत्तीबरोबर २००१ मध्ये स्मृतिकार्डे आली. कार्डावर मात्र संगणकासारखीच फॅट पद्धतीची मांडणी होती, म्हणजे तिथे खऱ्या फाइली आणि खरी फोल्डरे. एकाच यंत्राच्या आत नोंदवह्या आणि खाचेतल्या कार्डावर फाइली, अशी दोन राज्ये झाली आणि त्यांच्यातील नाकेदार म्हणजे फाइल मॅनेजर. मी फाइलझेड वापरत असे, कारण तो फुकट होता आणि एखाद्या संचाची प्रत पुढच्या हॉटसिंकच्या, म्हणजे पाम संगणकाला जोडून माहिती जुळवण्याच्या, वेळी संगणकावर घ्यायची की नाही, ही खूण त्यात स्वतः बदलता येई. कार्डावरील प्रोग्रॅम यादीत दिसायचा असेल, तर तो ‘पाम’ फोल्डरातील ‘लाँचर’ नावाच्या फोल्डरातच ठेवावा लागे. हे ठाऊक नसल्याने मी पहिला आठवडा कार्ड बिघडले असे समजून घालवला होता.

आयपॅकची गोष्ट अगदी वेगळी. तिथे पॉकेट पीसी ही मायक्रोसॉफ्टची प्रणाली असल्याने फाइली आणि फोल्डरे पहिल्यापासून होती आणि फाइल एक्सप्लोरर यंत्राबरोबरच येई. पण त्यात फाइलींची शेपटे, म्हणजे नावामागची प्रकार सांगणारी अक्षरे, दिसत नसत आणि झिप, म्हणजे दाबून लहान केलेली फाइल, उघडत नसे. म्हणून लोक विकतचा रेस्को एक्सप्लोरर किंवा फुकटचा टोटल कमांडर घेत. टोटल कमांडरचे दोन रकाने मोठ्या संगणकावर सोयीचे, पण २४० गुणिले ३२० बिंदूंच्या पडद्यावर ते शेजारी-शेजारी ठेवले की प्रत्येक नाव निम्म्यात तुटते. मी रेस्कोकडे वळलो ते याच कारणाने. त्याहून मोठे कारण असे, की त्या काळी या यंत्रांत माहिती चालू स्मृतीत राही आणि बॅटरी पूर्ण संपली की सगळे पुसले जाई. २००५ च्या विंडोज मोबाइल ५ पर्यंत हीच स्थिती होती. आयपॅकमध्ये मात्र ‘आयपॅक फाइल स्टोअर’ नावाचे एक फोल्डर असे, जे बॅटरी संपल्यावरही शाबूत राही. म्हणजे तिथे फाइल मॅनेजरचे खरे काम नीटनेटकेपणाचे नव्हते. बुडण्याआधी सामान माळ्यावर चढवण्याचे होते.

सायॉनबद्दल वेगळे सांगायला नको. त्याच्या मुख्य पडद्यावरच फाइली आणि फोल्डरे दिसत, वेगळ्या दप्तरदाराची निकड नव्हती. तात्पर्य, तीन प्रकारच्या यंत्रांसाठी एकच मराठी मथळा लावला तर तो निदान एका यंत्राबाबत खोटा ठरेल.

तळटीप
यंत्रभोगी, आपल्या उत्तराने माझे अर्धे काम झाले आणि उरलेले अर्धे दुप्पट झाले. मूळ टिपणात पामलाही सरसकट ‘फाइल’च म्हटले आहे. मग मी मूळ लेखकाची सोय अनुवादित करावी की आपले सत्य?

वाहककन्या
माझे वडील एसटीत वाहक होते. त्यांच्याकडे आधी तिकिटांचा ट्रे आणि भोके पाडायचा पंच असे. नोकरीच्या उत्तरार्धात हातात मावणारे तिकीटयंत्र आले. व्याख्येप्रमाणे तोही हातातला संगणकच, पण डेपोत त्याला हस्तसंगणक, करसंगणक किंवा हातसंगणक म्हणणारा एकही मनुष्य मी पाहिला नाही. ‘मशीन जमा केले का’, ‘मशीन अडकले’, एवढेच शब्द. दिवसाचा हिशेब त्यातून उतरवून घेत, त्यालाही ‘मशीन खाली करणे’ म्हणत. आपण जो शब्द बनवाल तो प्रदर्शनाच्या पाटीवर राहील आणि पाटी उतरली की संपेल.

‘फाईल’बद्दलही मला तसेच वाटते. फाईल पुढे सरकते, फाईल अडते, फाईल गहाळ होते आणि फाईल हलत नसेल तर तिच्यावर वजन ठेवावे लागते. वजन ठेवल्यावर वस्तू हलते, हा चमत्कार फक्त मराठी फाईलच करू शकते. ज्या शब्दावर भाषेने इतका विनोद आणि इतका संताप खर्च केला आहे, तो इंग्रजी राहिला आहे असे मला वाटत नाही. नस्तीवर कोणी वजन ठेवल्याचे ऐकले आहे का?

शुद्धलेखणी
नस्तीवर वजन ठेवले जात नाही, हा तिचा दोष कसा झाला? रूढी हेच प्रमाण मानायचे, तर ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ हे शब्दही एके काळी कृत्रिमच वाटले असतील. ‘मेयर’ रुळलेला होता म्हणून सावरकर थांबले नाहीत. शब्द आधी वापरावा लागतो, मग तो रुळतो. भाषा संचालनालयाचा १९६२ चा पदनामकोश निघाला तेव्हाही त्याची थट्टा झाली होती, पण त्यातील कितीतरी पदनामे आज प्रत्येक कचेरीच्या दारावर आहेत.

रुमालबंद
दारावर आहेत, हे खरे. दाराच्या आत मात्र सगळे ‘साहेब’ म्हणतात.

यंत्रभोगी
क्रियापदांचा प्रश्न मागे पडला आहे. ‘मूव्ह’साठी ‘हलवा’ लिहू नये असे मला वाटते. एक तर वरील वजनाची आठवण येते, आणि दुसरे म्हणजे पामच्या बाबतीत तो शब्द चुकीचा समज देतो. अंतर्गत स्मृतीतून कार्डावर जाताना वस्तूचे रूपच बदलते, नोंदवहीची फाइल होते. तेव्हा ‘कार्डावर न्या’ आणि ‘यंत्रात आणा’ असे दोन वेगळे शब्द ठेवावेत, म्हणजे दिशा कळेल. ‘डिलीट’ला ‘खोडा’ नको. खोडलेले खाली दिसत राहते, आणि इथे तर कचऱ्याची टोपलीही नव्हती. ‘पुसा’ ठीक आहे. पाटी पुसल्यावर मागचे काही हाती लागत नाही.

शुद्धलेखणी
‘न्या’ आणि ‘आणा’ उत्तम आहेत. यावर माझा आक्षेप नाही, याची नोंद व्हावी.

बोरूबहाद्दर
उशिरा आलो, क्षमस्व. भारतीय यंत्र प्रदर्शनात नाही का? बंगळुरूचा सिंप्युटर २००४ मध्ये बाजारात आला होता. साधा, स्वस्त, बहुभाषी आणि लोकांचा संगणक, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे घेऊन ते नाव केले होते. तो लिनक्सवर चालत असल्याने त्यात फाइलींचा प्रश्न पामसारखा नव्हता. त्याला तेव्हा मी ‘जनसंगणक’ म्हणत असे. कोणी ऐकले नाही.

दुसरी गोष्ट मात्र गंभीर आहे. या चर्चेत निम्मे लोक ‘फाइल’ लिहीत आहेत आणि निम्मे ‘फाईल’. शब्द मराठीच झाला आहे, असे वाहककन्या म्हणतात ते मान्य केले, तर त्याला मराठीचे नियम लागले पाहिजेत. अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार दीर्घ, जसे बहीण, कठीण, म्हणून ‘फाईल’. आणि सामान्यरूप करताना पावसात, देवळात होते तसे ‘फायलीत’. गुऱ्हाळातली काईल घ्या: काईल, कायलीत. फाईल तिची सख्खी बहीण आहे. ‘फाइलीत’ लिहिणारे दोन्ही डगरींवर पाय ठेवून आहेत.

यंत्रभोगी
मी ‘फाइली’ लिहितो, कारण ‘फायली’ म्हटले की मला धुळीचा वास येतो. कागदाच्या त्या फायली आणि संगणकातल्या त्या फाइली, असा भेद मी मनात ठेवला आहे. नियमात तो बसत नसेल.

वाहककन्या
आमच्या डेपोत ‘फाईला’ म्हणत.

रुमालबंद
बोरूबहाद्दर, काईलचे उदाहरण तपासून घ्यावे. आमच्या कोल्हापूरकडे ‘काहील’ म्हणतात, आणि मग सामान्यरूपाचे गणित बदलते.

बोरूबहाद्दर
‘काहील’ हेच मूळ असून ‘काईल’ त्यातील हकार गळून झाला असावा, असे मला वाटते. पण मग ‘काहिलीत’ की ‘कायलीत’? उन्हाची जी ‘काहिली’ होते, तिचा या कढईशी संबंध आहे का, हे कोणी सांगू शकेल काय?

तळटीप
प्रदर्शन शनिवारी आहे. ‘न्या’, ‘आणा’ आणि ‘पुसा’ घेतले आहेत. पामच्या पत्रकात ‘नोंदवही’ घातली असून मूळ टिपणातील शब्द वेगळा होता अशी टीप खाली दिली आहे. मथळ्याची जागा अजून कोरी आहे.

रुमालबंद
काहिली आणि काहील यांचा संबंध असणारच. रस कढताना त्या कढईजवळ उभे राहून पाहा. आमच्याकडे या हंगामात…