ट्रेमोलो वापरूनही सूर टिकावा, यासाठी 'क्वीन' बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांच्या 'रेड स्पेशल' गिटारमधून काय घ्यावे?

तंतुवेडा
मी स्वतःसाठी इलेक्ट्रिक गिटार घडवत असून लाकूडकाम जवळजवळ पूर्ण झाले आहे. ट्रेमोलोचा (तारांचा ताण बदलून सूर हलवणाऱ्या यंत्रणेचा) दांडा दाबून सोडला की तिसरी तार मूळ सुरावर न येता किंचित चढी राहते. ती बोटाने जराशी ओढली की नटपाशी (खुंट्यांजवळच्या खाचा असलेल्या पट्टीपाशी) 'टिक्' असा आवाज होतो आणि सूर जागेवर येतो. मे यांनी ही अडचण कशी सोडवली होती? पिकअपच्या (तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागांच्या) खाचा अजून कोरलेल्या नाहीत.

खुंटी_आणि_घोडी
तो 'टिक्' आवाज म्हणजेच रोगाचे निदान आहे: तार नटच्या खाचेत अडकते. मे आणि त्यांचे वडील हॅरल्ड यांनी १९६३ मध्ये घरीच ही गिटार करायला घेतली, तेव्हा त्यांनी तारेच्या वाटेतले घर्षण जागोजागी हटवले. नटचे काम फक्त तारांमधले अंतर राखण्याचे. तार टेकते ती शून्य क्रमांकाच्या पडद्यावर, आणि पुढे फारशी न वाकता सरळ खुंटीकडे जाते. घोडीवर प्रत्येक तारेखाली फिरते रूळ आहेत. ट्रेमोलोची पट्टी तराजूच्या दांडीसारखी पोलादी धारेवर झुलते, आणि तारांचा ताण पेलतात जुन्या मोटरसायकलच्या दोन व्हॉल्व्ह स्प्रिंगा. गिटारची दांडी (मान) जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून कोरलेली आहे आणि तिच्यातली लाकूडकिड्यांची छिद्रे काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवलेली आहेत, हे मला फार मोलाचे वाटते. लाकूड साधे असले तरी जोडकामात कुठेही हयगय नाही.

तुम्ही आधी खाच तारेच्या जाडीपुरती रुंद करून आतून गुळगुळीत घासा आणि तिच्यात पेन्सिलीचे शिसे चोळा.

स्वरजुळणी
पिकअपबद्दल थोडे. मे यांनी आधी घरी केलेल्या पिकअपवर तार आडवी ओढली की नकोसा आवाज येई, म्हणून त्यांनी बर्न्स कंपनीचे तीन ट्राय-सॉनिक पिकअप घेतले आणि आतली वेटोळी थरथरू नयेत म्हणून ती अरल्डाइट या चिकट गोंदात बसवली. तिन्ही एकसर जोडणीत असून प्रत्येकाला चालू-बंदचे एक आणि फेज (संकेताची दिशा) उलटवण्याचे एक, अशी सहा बटणे आहेत. अशी जोडणी हवी असल्यास बटणांची जागा आताच आखा, कारण पॉलिश झाल्यावर छिन्नी चालवणे जिवावर येते.

तंतुवेडा
आभारी आहे. खाच घासून शिसे भरले. दांडा दहा वेळा दाबला, तिसरी तार दहाही वेळा सुरावर परतली. सहा बटणांची आखणी आज रात्री कागदावर करतो.