मदत हवी आहे: १९२५ च्या खून खटल्याचं निकालपत्र सापडत नाही

दफ्तरखाना
१९२५ च्या खून खटल्यावर मोठा लेख लिहायला घेतलाय. घटनाक्रम, आरोपी, शिक्षा सगळं जमलंय. अडलंय ते निकालपत्रावर. न्यायाधीशांनी कुठली साक्ष मानली आणि कुठली बाजूला सारली, ते मला त्यांच्याच शब्दांत हवंय. नकलेचा अर्ज 'नोंद आढळत नाही' असा शेरा घेऊन परत आला. ए.आय.आर. (ऑल इंडिया रिपोर्टर, छापील निकालांचे खंड) चाळून झालं, तिथेही नाही. लेख याच महिन्यात द्यायचाय. नेमकी जागा सांगा, 'ग्रंथालयात विचारा' नको.

काळाकोट
खटला कुठला? गाव कुठलं? अर्ज कुठल्या कोर्टात केलात?

मोडीप्रेमी
आधी मोडी शिका. जुन्या दप्तरात हात घालायचा तर त्याला पर्याय नाही. रोज एक पान लावून वाचलंत तरी हात बसतो. जोडाक्षरं सोडून आधी अंक आणि तारखा ओळखायला घ्या.

सह्याद्रीकर
माहिती अधिकारात अर्ज टाका. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

काळाकोट
@सह्याद्रीकर, कोर्टाच्या कागदांच्या नकलेला तो रस्ता चालत नाही. २०२० मध्ये गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की नकला त्या त्या हायकोर्टाच्या नियमांनीच घ्यायच्या. तिऱ्हाइताने कारण लिहून अर्ज करायचा. माहिती अधिकाराचं उत्तर तीस दिवसांनी येईल आणि त्यात एवढंच लिहिलेलं असेल.

दफ्तरखाना
मुंबईचे व्यापारी अब्दुल कादिर बावला यांचा खून, मलबार हिल, १२ जानेवारी १९२५. दुसरा कुठला असणार? अर्ज अर्थात सत्र न्यायालयात केला. खुनाचा खटला आणखी कुठे चालतो?

काळाकोट
तिथेच गाडी अडलीय. त्या काळी मुंबई शहरातले खुनाचे खटले हायकोर्टाच्या मूळ शाखेत, क्रिमिनल सेशन्समध्ये चालत. शहराचं वेगळं सत्र न्यायालय १९४८ मध्ये आलं. त्यामुळे 'नोंद नाही' हा शेरा बरोबरच आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुम्ही शोधताय तसं निकालपत्र लिहिलंच गेलेलं नसणार. हायकोर्टात नऊ जणांची ज्युरी बसे. पुरावा संपला की न्यायाधीश ज्युरीला खटला समजावून सांगत, ज्युरी दोषी की निर्दोष ते सांगे आणि न्यायाधीश शिक्षा सुनावत. सकारण निकालपत्र लिहिण्याची गरजच नव्हती. हायकोर्टाच्या सेशन्समधल्या शिक्षेवर रीतसर अपीलही १९४३ च्या दुरुस्तीनंतर मिळालं, म्हणून वरच्या कोर्टाची पुराव्याची चिकित्साही हाती लागत नाही. तुम्हाला हवंय ते न्यायमूर्ती क्रम्प यांचं ज्युरीपुढचं भाषण. अर्जात 'निकालपत्र' लिहू नका. 'ज्युरीला केलेलं निवेदन, साक्षींच्या नोंदी आणि ज्युरीचा कौल' असं मागा.

रुमाल
ते भाषण सगळ्यात सहज मिळेल ते वर्तमानपत्रात. टाइम्स ऑफ इंडिया आणि बॉम्बे क्रॉनिकल, दोन्ही घ्या. टाइम्स प्रोक्वेस्ट या ऑनलाइन संग्रहावर आहे, क्रॉनिकल एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथ संजीवनी या डिजिटल संग्रहावर. शोधताना Bawla चं स्पेलिंग बदलून बदलून टाका, कारण जुन्या छपाईत यंत्राला w आणि v नीट वाचता येत नाहीत. शोधाने हाती लागलं नाही तर सरळ तारखेने पानं उलटा.

एक तक्ता करा: तारीख, साक्षीदार, सरतपास (साक्षीदार बोलावणाऱ्या वकिलाचे प्रश्न) की उलटतपास, पान, रकाना. त्यात 'कुठल्या कोर्टापुढे' हा रकाना हवाच. तेच साक्षीदार आधी प्राथमिक चौकशीत प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटपुढे बोलले आणि मग सेशन्समध्ये. दोन्ही साक्षी एकात मिसळल्या की साक्षीदाराने जबाब फिरवला असं उगाच दिसतं. या खटल्यावरच्या बऱ्याच लेखांत नेमकी हीच गफलत असते.

काळाकोट
वर्तमानपत्र हा दुय्यम पुरावा आहे. वार्ताहर प्रश्न गाळतो आणि उत्तरं जोडून एक सलग परिच्छेद करतो. आधी हायकोर्टात अर्ज करा.

रुमाल
अर्ज करावाच. पण शंभर वर्षांनी साक्षींचे कागद तिथे टिकले असतील याची खात्री कोण देणार? प्रश्न गाळलेत की नाही ते दोन वार्ताहरांचे मजकूर शेजारी ठेवले की लगेच कळतं.

सह्याद्रीकर
या खटल्यात जिना आरोपीचे वकील होते, हे लेखात यायलाच हवं. आणि खून इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनी करवला हेही स्पष्ट लिहा.

रुमाल
जिना आनंदराव फणसे यांच्यातर्फे उभे होते, ते लिहा. दुसरं तसं लिहू नका. महाराजांवर कुठल्याही कोर्टात आरोप ठेवला गेला नाही. सरकारने त्यांच्यापुढे चौकशी आयोग किंवा गादी सोडणं असे दोन पर्याय ठेवले आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली. संशय कशावरून घेतला गेला ते कागद दाखवून मांडा. 'करवला' म्हणायला कोर्टाचा निष्कर्ष लागतो, तो इथे नाही.

मोडीप्रेमी
इंदूरची बाजू बघायची तर मोडी लागेलच.

काळाकोट
हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत, भारत सरकारचा पत्रव्यवहारही इंग्रजीत. या लेखाला मोडीवाचून काही अडत नाही.

दफ्तरखाना
जिना वगैरे माझ्याकडे आहे. ए.आय.आर. मध्ये 'बावला' का सापडत नाही, तेवढं सांगा.

काळाकोट
मयताच्या नावाने सूची नसते. 'एम्परर विरुद्ध' आणि पुढे आरोपीचं नाव. नऊही आरोपींची नावं वेगवेगळ्या स्पेलिंगने बघा. बॉम्बे लॉ रिपोर्टरही घ्या, १९२५ च्या खंडावर न थांबता पुढच्या काही वर्षांचे खंडही. पुराव्याच्या ग्राह्यतेवरचे निर्णय कधी कधी उशिरा छापले जात.

रुमाल
इंदूरसाठी राष्ट्रीय अभिलेखागारात फॉरेन अँड पॉलिटिकल डिपार्टमेंटच्या फायली मागवा. आधी अभिलेख पटल या त्यांच्या ऑनलाइन सूचीवर 'इंदूर' आणि 'होळकर' दोन्ही टाकून बघा. मागणीपत्रात 'के. डब्ल्यू. (कीप विथ, म्हणजे फायलीसोबतची पुरवणी) सह' असं आवर्जून लिहा. अधिकाऱ्यांचे आपसातले शेरे त्या पुरवणीत असतात आणि ती कधी कधी मुख्य फायलीपासून वेगळी बांधलेली असते. नुसता फाइल नंबर दिलात तर हातात फक्त गेलेली पत्रं पडतील.