भांडवल आधी की एकजूट?

‘छोट्या उद्योगात आधी भांडवल लागते, एकजूट नंतर पाहता येते’ हे नेहमी ऐकू येणारे मत मला पटत नाही. १९५९ साली गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातूनच ‘लिज्जत’ हा पापड-उद्योग उभा राहिला. तिथे तिंबलेले पीठ घरी नेऊन पापड लाटणारी, वाळलेले पापड तपासून तोलून घेणारी आणि पाकिटे भरणारी, या सगळ्याच भगिनी संस्थेच्या सहमालक असतात. त्यामुळे एकीच्या हलगर्जीपणाचा तोटा सर्वांच्या वाट्याला येतो आणि दर्जाची राखण (मला हेच सर्वांत मोलाचे वाटते) वरिष्ठांच्या धाकाविना होते. आपल्याकडील अनेक भागीदाऱ्या पैशाअभावी नव्हे, तर हिशेब उघडे न ठेवल्यामुळे मोडतात.