लोवेल शहराची लोकवस्ती कशी घडली?

सुलभा:
माझ्या मुलीला मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या लोवेल येथील संकुलात प्रवेश मिळाला आहे. कापडगिरण्यांचे जुने शहर एवढीच त्याची माहिती मला होती. परंतु तेथे कंबोडियन लोकांची मोठी वस्ती असल्याचे नुकतेच कळले. बोस्टनजवळच्या या मध्यम शहरात ते कसे आले? आणखी कोणकोण तेथे राहतात?

गिरणगावकर:
1820 च्या दशकात मेरिमॅक नदीच्या पाण्यावर गिरण्या उभ्या राहिल्या, तेव्हा कालवे आयरिश मजुरांनी खोदले आणि मागांवर न्यू इंग्लंडमधील शेतकरी घरांतल्या मुली राबल्या. पुढे त्यांची जागा आयरिश, फ्रेंच कॅनेडियन, पोर्तुगीज, पोलिश आणि ग्रीक कामगारांनी घेतली. ‘एकर’ हा मूळचा आयरिश मोहल्ला. तेथेच 1908 साली ग्रीकांनी आपले होली ट्रिनिटी चर्च बांधले. फ्रेंच कॅनेडियनांचे ‘लिटल कॅनडा’ मात्र 1960 च्या दशकात शहर सुधारण्याच्या नावाखाली पाडण्यात आले, हे मला आजही अक्षम्य वाटते.

वाटसरू:
कंबोडियन लोक गिरण्यांसाठी आले नाहीत. तोवर बहुतेक गिरण्या बंद पडल्या होत्या. कंबोडियातील ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेच्या 1975 ते 1979 या क्रूर राजवटीतून वाचून, थायलंडच्या सीमेवरील छावण्यांमार्गे अमेरिकेत पोहोचलेली अनेक कुटुंबे 1980 च्या दशकात येथे स्थिरावली, कारण घरभाडे परवडणारे होते आणि वँग लॅबोरेटरीजसारख्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांमुळे, फारसे इंग्रजी येत नसले तरी, जुळणीचे काम मिळण्याजोगे होते. कॅलिफोर्नियातील लाँग बीचनंतरची अमेरिकेतील सर्वांत मोठी कंबोडियन वस्ती आज येथे आहे. ‘लोअर हायलंड्स’ भागात मुलीला ख्मेर, म्हणजे कंबोडियन भाषेतील, पाट्यांची दुकाने दिसतीलच.

मेधा:
तरीही लोवेलला ‘कंबोडियन शहर’ म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे 1 लाख 15 हजार होती आणि सर्व आशियाई मिळून साधारण एकपंचमांश भरत होते. पोर्तो रिको, डॉमिनिकन प्रजासत्ताक, ब्राझील आणि आफ्रिकेतून आलेली कुटुंबेही बरीच आहेत. सत्तेत मात्र हे वैविध्य उशिरा उतरले. नगरपरिषदेचे सर्व सदस्य संपूर्ण शहरातून निवडण्याच्या पद्धतीविरुद्ध आशियाई व लॅटिनो मतदारांनी 2017 मध्ये दावा दाखल केला, 2019 मध्ये तडजोड झाली आणि 2021 मध्ये प्रथमच बहुतांश जागा प्रभागांतून लढवल्या गेल्या. त्यानंतर जानेवारी 2022 मध्ये परिषदेने सोखारी चाऊ यांना महापौर निवडले. अमेरिकेतील ते पहिले कंबोडियन वंशाचे महापौर.